हातही लावला नाही

अडचणीत सापडलेल्या माणसाच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते बहुधा 'मी काही केले नाही' हेच. फुटलेल्या बरणीजवळ उभे असलेले पोर ते म्हणते आणि केस पिकलेला माणूसही म्हणतो. या वाक्याकडे मी कधी निरखून पाहिले नव्हते. परवा, दसऱ्याला आठ दिवस असताना, एका मोटारीने मला ते पाहायला लावले. मोटार इथली नव्हे. ती होती अमेरिकेत, मिशिगनमध्ये, आणि मी इस्लापुरात माझ्या ओसरीवर.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा तिकडे नोकरी करतो. त्याच्यापाशी माझदाची आरएक्स-७ नावाची, १९८७ सालची, शर्यतीच्या ढंगाची एक बुटकी गाडी आहे. कामासाठी तो दीड वर्ष परगावी होता, तेवढा काळ गाडी मित्राच्या गॅरेजात झाकून ठेवली होती. परत येऊन किल्ली फिरवली, तर ती नुसती कण्हली. पुतण्याने मला फोन लावला. "काका, मित्र म्हणतो, मी गाडीला हातही लावला नाही. मग ही बिघडली कशी?"

इतक्या दूरवरून त्याने मला विचारावे याचे कारण जुने आहे. आमच्या सामाईक विहिरीवरचे ऑइल इंजिन मी खोलायला बसलो की हा पोरगा शेजारी उकिडवा बसून एकेक पाना माझ्या हातात देई. त्याला वाटते, काकांना सगळी इंजिने कळतात.

हे इंजिन मात्र मला ठाऊक नव्हते. त्यात खालीवर होणारा दट्ट्याच नाही. फुगीर बाजूंचे एक तिकोनी चक्र एका लांबट पोकळीत गरगरते आणि फिरता फिरताच पेट्रोल ओढते, दाबते, जाळते आणि धूर बाहेर टाकते. फेलिक्स व्हँकेल या जर्मन माणसाची ही कल्पना. १९५७ साली असे पहिले इंजिन चालले, आणि १९६७ साली माझदाने अशी दोन चक्रे जोडून आपली कॉस्मो गाडी बाजारात आणली. पुढे आरएक्स-७ ही १९७८ पासून २००२ पर्यंत निघत राहिली. तिकोनाच्या प्रत्येक टोकाला एक बारीक पट्टी असते. इंजिनाचा सारा जीव त्या पट्ट्यांत. एक पट्टी गेली तर तिच्या दोन्ही अंगांच्या खणांतला दाब जातो. हे त्याने सांगितले तेव्हा मला शेताचा बांध आठवला. बांध फुटला की नुकसान दोघांचे.

पण बिघाड हुडकण्याची रीत सगळीकडे सारखीच. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, एवढा फरक सोडला तर ठिणगी, इंधन आणि दाब या तिघांनाच विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत कोणावर संशय घ्यायचा नाही. मी म्हटले, "दोन्ही चक्रांचे खालचे प्लग काढ आणि मला सांग." प्लग पेट्रोलने निथळत होते. "आता पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढ, इंजिन नुसते फिरव, आणि फोन प्लगच्या भोकाजवळ धर." मी डोळे मिटून ऐकू लागलो. फस्, फस्, फस्. तिन्ही सुस्कारे सारखे, मात्र अशक्त. एखादा गाळला जात नव्हता, म्हणजे पट्ट्या शाबूत होत्या. दाब तेवढा कमी होता.

मग उलगडा होत गेला. दीड वर्षात बॅटरी उतरली होती. टाकीतले पेट्रोल शिळे झाले होते. उतावळेपणाने याने किल्ली पुन्हापुन्हा फिरवली. इंजिन फिरे हळू, पेट्रोल आत येई ते पेट घेईना, आणि त्या पेट्रोलाने पट्ट्यांवरचे तेलाचे बोट धुऊन गेले. तेल गेले तसा दाब गेला, आणि दाब नाही म्हणून पेट घेणे आणखीच अवघड. उपाय साधा होता. आतले पेट्रोल फिरवून बाहेर काढायचे, भोकातून चमचाभर तेल सोडायचे, प्लग पुसून बसवायचे, टाकीत ताजे पेट्रोल भरायचे आणि बॅटरी पुरती भारायची. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. गॅरेज पांढऱ्या धुराने असे भरले की शेजारी धावत आले म्हणे.

एवढ्यावर मी पाठ थोपटून घेऊन झोपलो असतो. पण पुतण्याने जाता जाता विचारले, "मग काका, दोष कोणाचा?"

आपल्या भाषेत बिघाडालाही दोष म्हणतात आणि अपराधालाही दोषच. त्यामुळे एक सापडला की दुसरा आपोआप सापडल्यासारखे वाटते. मित्राचे म्हणणे खरे होते. परक्याची वस्तू, तिला हात लावू नये, हे सभ्यपणाचेच लक्षण. महिन्यातून एकदा इंजिन चांगले तापेपर्यंत चालव, बॅटरीकडे बघ, असे याने त्याला सांगितलेही नव्हते. तरी गाडीचे जे झाले ते कोणी हात लावल्याने झाले नव्हते, न लावल्याने झाले होते. आपल्या बायका पेटीतला शालूसुद्धा वर्षातून एकदा काढून घडी बदलतात, नाहीतर तो घडीवरच विरतो. १८६० च्या दंडसंहितेने कृत्य या शब्दात बेकायदेशीर अकृतीही धरली होती. गीतेच्या चौथ्या अध्यायात तर अकर्मातही ज्याला कर्म दिसते त्याला शहाणा म्हटले आहे. मी तो अध्याय कैक वेळा वाचला असेन. पण वाचताना आमची विहीर कधी डोळ्यांपुढे आली नाही.

वाटण्या झाल्या तेव्हा विहीर आणि इंजिन सामाईक राहिले. पुढे मी बोअर घेतली, धाकट्यानेही घेतली. वाटणीच्या दिवशी काही शब्दाला शब्द लागला होता. तो काय होता हे आता मला नीटसे आठवतही नाही. इंजिनाला मी हात लावला नाही, कारण लावला आणि मोडले तर तो म्हणेल, तुम्ही मोडले. त्यानेही याच धाकाने लावला नसावा. त्यानंतरची नऊ वर्षे मी अभिमानाने सांगत आलो की मी धाकट्याला एका शब्दाने दुखवले नाही. ते अक्षरशः खरे आहे. एका शब्दानेही नाही.

"दोष कोणाचा ते मी तुला मागाहून सांगतो," एवढे बोलून मी फोन ठेवला.

खंडेनवमीला सकाळी झेंडूची माळ आणि तेलाची बुधली घेऊन विहिरीवर गेलो. पाऊस नुकता उघडला होता, सहस्रकुंडावर पैनगंगा अजून दुथडी होती. खोपटात इंजिनावर कुंभारमाशीने मातीची घरे बांधली होती. नोझल काढले, आत डिझेल आणि तेल सोडले, चाकाला जोर लावून पाहिला. चाक तसूभर हलले नाही. दट्ट्या धरला होता. तेल मुरायला दोनचार दिवस तरी लागणार. आणि मग चाक सुटले तरी इंजिन फिरवायला हँडल हवे होते. ते वाटणीच्या दिवसापासून धाकट्याच्या घरी होते.

त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा तो मुलाशी फोनवरच बोलत होता. मला पाहून त्याने फोन खाली घेतला.

"हँडल आहे का रे?" मी विचारले.

तो काही वेळ माझ्या तेलकट हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "आहे. पण दादा, रिंगा धरल्या असतील. आधी तेल सोडले का?"