काचेआडचा देह, शिळेआडचा देह

जपानमध्ये यामागाता प्रांतातल्या दाइनिचिबो मंदिरात शिन्न्योकाई या भिक्षूचा सुकलेला देह काचेआड बसलेला आहे. 1783 साली, वयाच्या 96व्या वर्षी तो जमिनीखालच्या कोठडीत बसला, असं मंदिर सांगतं. त्याआधी कित्येक वर्षं धान्य वर्ज्य; अन्न म्हणजे बिया, मुळं आणि झाडाच्या साली. तीन वर्षांनी अशी कोठडी उघडत. देह टिकला असेल तर तो 'सोकुशिनबुत्सु', सदेह बुद्ध. कुजला असेल तर पुन्हा मातीआड. ही परीक्षा मला खटकते. साधना आयुष्यभराची, आणि निकाल जमिनीतल्या ओलीच्या हाती!

पुण्याजवळ आळंदीला 1296 साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानेश्वर विवरात बसले आणि निवृत्तिनाथांनी शिळा लावली. ती उघडून खात्री करावी असं वारकऱ्यांना कधी वाटलं नाही. आत जाऊन आल्याची कथा आहे ती एकट्या एकनाथांची. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती काढ, असा ज्ञानेश्वरांचा दृष्टांत त्यांना झाला म्हणे. पुढे 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले होते. मुळी नेमकी गळ्यालाच का लागावी? मला तरी ती पोथीचीच गोष्ट वाटते. जपायची होती ती वाणी, आणि तिच्यासाठी नाथांनी खरे कष्ट उपसले.

अर्थात, बंद शिळेनं आपली सोयही केली. एकवीस वर्षांच्या तरुणानं देह ठेवला, याला काय म्हणायचं, हा प्रश्न तिच्याआड राहिला. जपानात मेजी सरकारनं सोकुशिनबुत्सुचा मार्ग कायद्यानं बंद केला. आपल्याकडे जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे आमरण उपवासाला, 2015 साली राजस्थान उच्च न्यायालयानं आत्महत्येच्या पंगतीत बसवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. आळंदीपुढे मात्र वादप्रिय पुणेकरही हात जोडून मोकळे होतात. मीही त्यातलाच.

दाइनिचिबोत देहाची वस्त्रं ठरावीक वर्षांनी बदलतात आणि जुन्या वस्त्राचे तुकडे ताईत म्हणून भक्तांना देतात. आषाढी वारीत माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते तेव्हा तिच्यात पादुका असतात. त्यांच्यावर डोकं टेकवायला लागलेल्या रांगेत देह बघायचा हट्ट कुणाचाच नसतो, पण नुसत्या ओव्यांवर भागेल असंही त्यांतलं फारसं कुणी म्हणणार नाही.