आधी काय सुटावे?

सज्जनहो, त्याग आधी बाहेरचा की आतला, हा वाद जुना आहे. मला तो उलगडला वसईजवळ सातिवलीस, तुंगारेश्वरच्या डोंगराखालच्या एका कारखान्याच्या आवारात. आणि तोही माझी चूक माझ्या पदरात घालून.

तेथे माझे कीर्तन होते. विषय तैत्तिरीयोपनिषदातील पंचकोशांचा. अन्नमय, प्राणमय, मनोमय, विज्ञानमय, आनंदमय असे एकात एक पाच कोश. मी रंगात येऊन म्हणालो, "बाहेरचे एकेक टरफल काढून फेका! घर, दार, सारे फेका!" विठ्ठलनामाचा मोठा गजर झाला. दुसऱ्या दिवशी लेथवर काम करणारा एक तरुण दारात उभा. "बुवा, ठरलं. घर सोडून तुमच्याबरोबर येतो." घरी म्हातारी आई, बायको, दोन लेकरे. आणि खरे सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटले नाही. कीर्तन लागू पडले, असेच वाटले!

मागोमाग तेथलेच एक वयस्कर कातारी आले. त्यांनी काही न बोलता शिसवी लाकडाचा मोसंब्याएवढा गोळा माझ्या हातावर ठेवला. सर्वांगाला वाटोळी भोके. आत दुसरा गोळा, त्याच्या आत तिसरा, आणि प्रत्येक मोकळा फिरतो. कुठे सांधा नाही, डिंक नाही. सारे एकाच लाकडाचे. चीन देशात कँटनचे कारागीर हे काम हस्तिदंतात करीत. त्या देशाने २०१७ च्या अखेरीस हस्तिदंताचा व्यापार बंद केला. लाकडात मात्र हौशी कातारी ते आजही करतात.

मी विचारले, "काका, आधी बाहेरचा सोडवता ना?"

"छे हो बुवा! अख्खा गोळा आधी नीट वाटोळा कातायचा. मग सगळीकडून सारख्या अंतरावर, मध्याकडे निमुळती होत जाणारी भोकं पाडायची. त्यातून टोकाशी वाकवलेलं हत्यार घालून पहिल्यांदा सगळ्यात आतला सोडवायचा. मग त्यावरचा, मग त्यावरचा. बाहेरचा आधी सोडला तर आतलं सगळं डळमळतं, हत्यार लागूच देत नाही." आणि हळूच म्हणाले, "त्या पोराचं घर आधी मोडू नका."

मी गप्प झालो. माउलींचे वडील विठ्ठलपंत यांनी पत्नी घरी असता काशीस संन्यास घेतला. गुरूंना कळताच त्यांनी त्यांना आळंदीस संसारात परत धाडले, ही कथा मी शेकडो वेळा सांगितली आहे. सांगितली, ऐकली नव्हती.

कोणी शंका घेईल, आतला गोळा सुटला खरा, पण बाहेर कुठे आला? भोकापेक्षा तो मोठा, कोंडलेलाच की! तर कोंडलेला आणि चिकटलेला यांत भेद आहे. पूर्वी बाहेरचे फिरले की त्यालाही फिरणे भाग होते. आता बाहेरचे कसेही फिरो, त्याने फिरावेच असे नाही. मग संन्यास खोटा काय? नव्हे. ज्याचे आतले सुटले, त्याचे बाहेरचे सुटताना मोडतोड होत नाही, इतकेच. अर्थात दृष्टांत एकदेशी असतो. गोळा हत्याराने घडतो. आत्मा घडवावा लागत नाही, तो आहेच.

आणखी एक. बंद गोळ्यात हत्यार शिरत नाही. पंढरपुरास काशीकापडी कारागीर तुळशीच्या मण्यांच्या माळा करतात. मणी कितीही सुबक असो, भोक नसेल तर माळेत ओवला जात नाही. माझ्या बुवापणाला त्या दिवशी कातारीकाकांनी भोक पाडले.

संध्याकाळी त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याच्या आईला म्हणालो, "माय, चूक माझी झाली." तो म्हणाला, "मग बुवा, सोडू तरी काय?" म्हटले, "बाबा रे, 'माझ्यावाचून यांचे अडते' हा ताठा सोड, आणि 'यांच्यामुळे माझे अडते' हा रागही सोड. उद्या वेळेवर कामाला जा."

पंचकोश मी अजूनही सांगतो. पण 'फेका' म्हणत नाही; 'सैल करा' म्हणतो. आणि गजर मोठा झाला की मनाला विचारतो, तुझे आतले सुटले काय? उत्तर अजून 'नाही' असेच येते.

रामकृष्णहरि!