‘देवाची कृपा म्हणून वाचलो’



आपल्या बोलण्यात एक वाक्य वरचेवर येते. एसटीला अपघात झाला आणि आपला मुलगा त्या गाडीत नव्हता, की आपण म्हणतो, ‘देवाची कृपा!’ गारपीट पलीकडच्या गावाला झाली आणि आपले शिवार वाचले, तरी आपण हेच म्हणतो. दवाखान्यातल्या तपासणीत काही निघाले नाही, तरी हेच. यात वाईट काही नाही. उपकार मानणारे मन देवाला प्रिय आहे. पण हे वाक्य शेजारच्या घरात ऐकू गेले तर? ज्यांचा मुलगा त्या गाडीत होता त्यांनी काय समजावे? त्यांच्यावर देवाची कृपा नव्हती काय? की त्यांच्या हातून असे काही पाप घडले होते, की ज्याची ही शिक्षा झाली?

हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही. आपल्या भागाला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे विचारला गेला. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीजवळ जमीन हादरली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावे काही क्षणांत कोसळली. आपल्याकडे सास्तूर आणि आसपासच्या गावांनी तो दिवस पाहिला. हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली. आज आपले युवक-युवती ही गोष्ट फक्त ऐकून जाणतात, पण ज्यांनी ती पाहिली ते अजून आपल्यामध्ये आहेत.

‘आम्ही असे काय पाप केले होते?’ ढिगाऱ्यापाशी बसलेल्या आईच्या तोंडून हे शब्द निघतात तेव्हा तो आक्रोश असतो. त्याला उत्तर द्यायचे नसते, तिच्याजवळ बसायचे असते. परंतु दूर उभा असलेला माणूस जेव्हा म्हणतो, ‘त्यांनी काहीतरी पाप केले असेल,’ तेव्हा तो निवाडा होतो. आणि असा निवाडा करण्याचा अधिकार प्रभूने आपल्याला दिलेला नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढून पाहा. दर तीन वर्षांनी उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपण तो मिस्सामध्ये ऐकतो. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करीत असतानाच ठार मारले, ही बातमी लोक येशूकडे घेऊन येतात. येशू स्वतःहून दुसरी एक बातमी जोडतो. शिलोह येथे बुरूज पडून अठरा माणसे मेली होती. ती माणसे यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हांला वाटते काय, असे तो विचारतो, आणि उत्तरही तोच देतो: नाही. त्या उत्तरात ‘पण’, ‘परंतु’ काही नाही. मेलेल्यांच्या बाबतीत येशू हिशेबाची वही सरळ मिटून टाकतो.

जुन्या करारातही हेच आहे. ईयोबाची मुले कशी मेली ते आठवा. रानातून मोठा वारा आला, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळला आणि घर त्यांच्यावर पडले. ईयोबाचे मित्र सांत्वनाला आले. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर सारे ठीक होते. मग ते बोलू लागले आणि त्यांनी त्याचे पाप शोधायला सुरुवात केली. ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. देवाची बाजू मांडणाऱ्या माणसांवरच देव रागावतो, ही गोष्ट आम्हा धर्मगुरूंनी आणि सर्व भाविकांनी नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग ती घरे का पडली? त्या घरांच्या भिंती रुंद होत्या, पण दगड आणि मातीच्या. भिंतीच्या आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नव्हते. वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे अंगावर आले. भक्कम वाटणारे दगडी वाडे कोसळले आणि हलक्या छपराच्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी टिकल्या. भूकंपाने कोणाचे पापपुण्य पाहिले नाही, छपराचे वजन पाहिले.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले आहे की, देव निर्माण केलेल्या वस्तूंना त्यांच्या त्यांच्या स्वभावाप्रमाणे काम करू देतो. दगडाला वजन आहे म्हणून तो पायात बसतो आणि घर उभे राहते. तेच वजन तो पडताना चिरडते. उभे राहताना हवा असलेला दगडाचा स्वभाव पडताना मात्र नसावा, असे जग असते तर त्यात घर बांधताच आले नसते, शेत पेरताच आले नसते. याने दुःख कमी होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुःखावर खोट्या आरोपाचे ओझे तरी चढत नाही.

या बाबतीत थोर माणसांचाही तोल गेला आहे. १७५५ साली १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगालमधील लिस्बन शहरात भूकंप झाला. चर्चे भाविकांनी भरलेली होती आणि कितीतरी माणसे मिस्सा चालू असतानाच मेली. तरीही मालाग्रिदा नावाच्या एका येशूसंघीय धर्मगुरूंनी पुस्तिका लिहून सांगितले की, या भूकंपाचे खरे कारण लोकांची पापे हेच आहे. आपल्या देशात १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यास विरोध केला. अस्पृश्यता हे पाप आहे याविषयी दोघांचे एकमत होते. पण निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटवणे ठाकुरांना अविचाराचे वाटले. गांधीजींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला, हा त्यांचा मोठेपणा. अस्पृश्यता हे घोर पाप होते आणि आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांनी ते भोगले आहे. पण भूकंपाने जर त्याचीच शिक्षा दिली असेल, तर ज्यांनी ते पाप सोसले त्यांची घरे का पडली? हा हिशेब जुळत नाही.

तर मग पापाचा आणि अशा संकटांचा काहीच संबंध नाही काय? आहे, पण तो आपल्या हातातील गोष्टींशी आहे. माती कोणत्या क्षणी हादरावी हे माणसाच्या हाती नाही. पण १९९३ नंतर आपल्याला पुष्कळ कळले आहे. २००२ साली देशाचा भूकंपविषयक नकाशा बदलला आणि किल्लारी परिसर अधिक धोक्याच्या विभागात आला. हे कळल्यानंतरही जो दुसऱ्याच्या मुलांसाठी शाळा बांधताना सिमेंट चोरतो, तो पाप करतो. मदतीचे धान्य वाटताना जो जात पाहतो, तो पाप करतो. विधवेला मिळालेली भरपाई जो दीर किंवा सासरा हडप करतो, तो पाप करतो. पाप शोधायचेच असेल तर ते मेलेल्यांच्या ढिगाऱ्यात नाही, जिवंत माणसांच्या निर्णयात सापडेल.

आता अवघड भाग येतो. ‘नाही’ म्हटल्यावर येशू लगेच पुढे म्हणतो की, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. पहिल्यांदा वाचताना हे उलटे वाटते. आत्ताच तर त्याने सांगितले की संकट ही शिक्षा नव्हे, मग ही धमकी कशाला? पण ही धमकी नाही. येशू आपली मान फिरवतो आहे. आपण मेलेल्यांकडे पाहून विचारत होतो, ‘ते का मेले?’ तो आपल्याला स्वतःकडे पाहायला लावतो आणि विचारतो, ‘तू अजून जिवंत आहेस, तो कशासाठी?’

याच ठिकाणी तो अंजिराच्या झाडाचा दाखला सांगतो. तीन वर्षे झाडाला फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवते? माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणीन, खत घालीन. दाखला तिथेच संपतो. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, हे प्रभू सांगत नाही. ते उत्तर त्याने आपल्यावर सोपवले आहे.

या दाखल्यात कृपेचा सारा धर्मसिद्धांत आहे. ते वर्ष झाडाने मागितलेले नाही. झाडाने ते कमावलेले तर मुळीच नाही. त्याचा तीन वर्षांचा हिशेब कोरा आहे. माळ्याने मध्यस्थी केली म्हणून ते वर्ष मिळाले. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाचा शिक्षक सांगत होता की, माणूस स्वतःच्या बळावर नीतिमान होऊ शकतो. त्याला संत ऑगस्टीन यांनी ठामपणे उत्तर दिले की, आपण देवाकडे वळण्याआधीच त्याची कृपा आपल्याकडे आलेली असते. आपले वळणेसुद्धा तिचेच काम आहे.

म्हणून ‘देवाची कृपा म्हणून वाचलो’ हे वाक्य खरे आहे, पण त्याचा अर्थ आपण समजतो तो नाही. मी वाचलो याचा अर्थ मी शेजाऱ्यापेक्षा चांगला होतो असा नाही. देवाने मला निवडले आणि त्याला टाकले, असाही नाही. जो गेला तोही कृपेच्या बाहेर नाही, कारण आपला देव मृत्यूच्या पलीकडेही देव आहे. ते वाक्य एवढेच सांगते की, माझ्या हाती आलेले हे वर्ष माझ्या कमाईचे नाही. आणि जे कमाईचे नाही, त्याचा तोरा मिरवायचा नसतो.

मात्र कृपा फुकट आहे म्हणून माणसाने बसून राहावे, असेही नाही. आपण मराठवाड्यातली माणसे हे चांगले जाणतो. पाऊस कोणी पाडत नाही, पण मृगाच्या आधी नांगरट आणि पाळी घातलेल्या रानातच तो मुरतो. माळ्याने वर्ष मागितले ते खणण्यासाठी. मुळाभोवती खणले की झाडाला ते सोपे जात नसणार. झाकलेले उघडे पडते. आपले रोजचे आत्मपरीक्षण म्हणजे हेच खणणे. आणि खत कशाचे होते? शेणाचे, उकिरड्यातील केराचे. जे टाकाऊ आहे ते दाराशी साचले तर घाण होते, तेच कुजवून मुळाशी घातले तर पीक येते. आपल्या पापांचेही तसेच आहे. लपवलेले पाप घरभर वास सोडते. प्रायश्चित्त संस्कारात देवापुढे मांडलेले पाप, त्याच्या दयेने, नम्रतेचे खत होते. जो स्वतः क्षमा मिळवून उठला आहे, तो पडलेल्यावर दगड उचलताना विचार करतो.

आध्यात्मिक वाढ मोठ्या प्रसंगात होते, असे आपल्याला वाटते. खरे तर झाड कधी वाढले हे कोणी पाहत नाही. म्हणून मी फार मोठे काही सुचवत नाही. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे काढा आणि तीन प्रश्न विचारा. आज मला न कमावता काय मिळाले? आज माझ्यामुळे कोणाचे ओझे वाढले? उद्या त्याबद्दल मी कोणते एक काम करीन? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकच असू द्या आणि ते सकाळी करता येईल एवढे लहान असू द्या. भावाशी अबोला असेल तर फोन करणे. उसने घेतलेले पैसे परत देणे. सुनेच्या स्वयंपाकाला एक दिवस नाव न ठेवणे.

शेवटी एक विनंती. आपल्या जिल्ह्याने दुष्काळ पाहिले आहेत, २०२५ च्या सप्टेंबरात परांडा, भूम भागात पूरही पाहिला. कर्जाने आणि नापिकीने खचून एखादा शेतकरी स्वतःचा जीव देतो, तेव्हा त्या घराबद्दल गावात कुजबूज सुरू होते. कोणी त्याचे पाप काढतो, कोणी बायकोला दोष देतो. भाविकांनो, त्या कुजबुजीत आपला आवाज नसावा. जीव हा देवाचा आहे आणि तो आपण घेऊ नये, ही ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. पण १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम हेही सांगतो की, तीव्र मानसिक यातना, भीती आणि क्लेश यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशांच्या तारणाची आशा आपण सोडू नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. अशा घरी जाताना ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवा. जवळ बसा. पोरांच्या शाळेचे, पेरणीच्या बियाण्याचे पाहा. आणि तुमच्या ओळखीत कोणी खचलेला असेल तर तो जिवंत असतानाच त्याच्याकडे जा.

आपल्याला मिळालेल्या वर्षाचे फळ बहुधा अशाच एखाद्या घरी पोचवायचे असते. प्रभू आपल्याला ते ओळखण्याची बुद्धी आणि तिथवर चालत जाण्याचे बळ देवो. आमेन.

आपला धर्मगुरू