दिग्व्रत आणि धुरा

मृगाच्या तोंडी वऱ्हाडातील धनजच्या शिवारात वखर चालू असतो, तेव्हा धुऱ्यापाशी, म्हणजे शेताच्या बांधापाशी, येताच शेतकरी तो उचलून बैल वळवतो. शेजाऱ्याच्या रानात एक तास अधिक ओढला तर पदरात चार कापसाची बोंडे जास्त पडतील हे त्याला कळत नाही असे नव्हे, परंतु जे आपले नाही तेथे आपला वखर चालू नये, ही मर्यादा त्याच्या हातात मुरलेली असते.

याच वऱ्हाडात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या रानात आणि पुढे १५ डिसेंबरास गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांचे शिपाई कामी आले. इंग्रजांशी झालेल्या त्या युद्धाची कारणे अनेक होती; पण देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडण्याबरोबरच फ्रेंच माणसास चाकरीत न ठेवण्याची अट भोसल्यांना मान्य करावी लागली, यावरून त्या रणाची एक मुळी सातासमुद्रांपलीकडच्या इंग्रज-फ्रेंच वैरात रुजली होती हे स्पष्ट दिसते.

हे वैर आरंभी दोन वखारींचे होते. इंग्रज कंपनीस १६०० साली सनद मिळाली, फ्रेंच कंपनी १६६४ साली निघाली. दोघांनाही हवे होते कापड आणि मसाले. मात्र १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास जिंकले, आणि १७४८ च्या तहात ते इंग्रजांना परत मिळाले ते अमेरिकेतील लुईबर्ग किल्ल्याच्या मोबदल्यात. मद्रासेतील कोष्ट्याला कोणी विचारले नाही, की तुझे गाव कोणत्या तागडीत घातले जात आहे.

मग व्यापार हिंसा कोठे होतो? धनजच्या शेजारच्या कारंज्यात जैन श्रावकांची परंपरा शतकानुशतके नांदते आहे, आणि त्यांच्या आचारधर्मात या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत सखोल उत्तर आहे : दिग्व्रत. श्रावकाने दाही दिशांना स्वतःच सीमा घालून घ्यावी आणि तिच्यापलीकडे जाऊ नये. कारण जेथे तो जाणारच नाही, तेथील जीवांना त्याच्यापासून अभय मिळते. या व्रताच्या अतिचारांत (उल्लंघनाच्या दोषांत) दोन नावे मनाला चटका लावतात : क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने सीमा वाढवणे, आणि स्मृत्यंतराधान, म्हणजे घातलेल्या सीमेचा विसर पडणे. कंपन्यांचा अवघा इतिहास या दोन शब्दांत मावतो.

परंतु हा आरोप केवळ परकीयांवर ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. रघूजी भोसल्यांनी १७४१ साली त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केले. १७४८ साली सुटलेला तोच चंदासाहेब पुढे कर्नाटकच्या नवाबीसाठी फ्रेंचांचा उमेदवार झाला, आणि कर्नाटक पुन्हा पेटले. बंगालच्या रयतेनेही भोसल्यांच्या स्वाऱ्यांचा जाच सोसला. आपण केवळ निमित्त होतो, असे म्हटल्याने निमित्ताचा दोष फिटत नाही. ज्याने आपला हात चालवला, त्याला त्या हाताचा जाब द्यावाच लागतो.

तहाने आखलेली सीमा अधिक बळकट शत्रू येईपर्यंतच टिकते. व्रताची सीमा मात्र बळ असतानाच माणसाला थांबवते, आणि म्हणूनच ती धर्म होय. फौज, गलबत, खजिना ही सारी जू मानेवर घेतलेली बैलजोडी आहे. बैलांना धुरा कळत नाही. तो वखर धरणाऱ्याला कळावा लागतो.