शौच आणि सौमनस्य

अन्नाच्या शुद्धीविषयी माणसाने किती दक्ष असावे, आणि ही दक्षता कोणत्या मर्यादेपलीकडे गेली म्हणजे तिला धर्म म्हणणे सोडून द्यावे, हा प्रश्न पंडितांच्या सभेत जितका चर्चिला गेला त्याहून कितीतरी अधिक वेळा तो स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर, एकाने वाढलेले ताट दुसऱ्याने मागे सारले त्या क्षणी, मुकाट्याने उभा राहिला आहे. सभेतल्या वादांचे निर्णय ग्रंथांत नमूद झाले. उंबरठ्यावरच्या वादांचे दफ्तर सहसा कुणी ठेवले नाही. मराठीत मात्र लक्ष्मीबाई टिळकांनी ते ठेवले आहे. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी आपल्या वडिलांची, म्हणजे नाना गोखल्यांची, जी हकीकत सांगितली आहे ती मी पुन्हा पुन्हा वाचते. १८५७ च्या धामधुमीत नानांचे सासरे फासावर गेले, आणि त्या आघातानंतर नानांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाजारातून आलेला प्रत्येक जिन्नस धुतल्यावाचून घरात घेणे त्यांना अशक्य झाले. मीठ-साखरेसारख्या, पाणी लागताच विरघळणाऱ्या वस्तूंचीही त्यातून सुटका नव्हती. लेखिकेने हे प्रसन्नपणे सांगितले आहे, आणि वाचणारे हसतात. मला हसू येत नाही. माझे लक्ष नानांच्या पत्नीकडे जाते. ज्या बाईचे वडील फासावर गेले, तिच्याच घरात त्या मरणाचे भय नवऱ्याच्या रूपाने जन्मभर वावरत राहिले, आणि रोजचे मीठ धुण्याचे काम तिच्या वाट्याला आले.

आम्ही भिवपुरीस राहतो. माथ्यावर सह्याद्रीचा कडा, कड्यामागे ठोकरवाडीचा जलाशय, आणि त्या जलाशयाचे पाणी प्रचंड नळांतून खाली उतरवून त्यावर वीज काढणारे टाटांचे विद्युत्गृह १९२२ पासून येथे चालू आहे. यंत्रे फिरवून सुटलेले ते पाणी पुढे उल्हास नदीला मिळते आणि काठची शहरे ते उचलून, गाळून, औषध घालून पितात. म्हणजे पाण्याला वाण नाही असा हा मुलूख. पण आषाढात विहिरी काठोकाठ भरतात, शेताचे गढूळ पाणी कठड्यावरून आत उतरते, आणि मग उकळल्यावाचून प्यालेला एक तांब्याही महागात पडतो. अशाच एका पावसाळ्यात यांना कावीळ झाली. अंग पिवळे पडले, अन्नाची वासनाच गेली, आणि हे अंथरुणाला खिळले. दुखणे निघून गेले. भय मात्र वस्तीला राहिले.

तेव्हापासून आमच्या घरी अन्नाची रीतसर तहकीकात होते. दूध किती वेळा वर आले, कोथिंबीर कुणी निवडली, पोळीला हात लावण्यापूर्वी दाराची कडी कुणी सरकवली, अशा प्रश्नांची रुजुवात झाल्यावाचून हे पहिला घास घेत नाहीत. आणि उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न निराळ्या शब्दांत परत येतो, कारण उत्तराने समाधान व्हावे ही त्या प्रश्नाची इच्छाच नसते. “अहो, आत्ताच तर सांगितलं,” मी म्हणते. “सांगितलंस गं, पण तुला नक्की आठवतंय ना?” हे विचारतात, आणि त्या विचारण्यात माझ्याविषयीचा अविश्वास नसून स्वतःच्याच कानांविषयीचा अविश्वास असतो, हे मला ठाऊक आहे. असे माणूस दुष्ट नसते. ते भ्यालेले असते, आणि आपल्या भयाला ते काळजी समजते.

आता धर्मशास्त्राकडे वळते, कारण यांच्या बोलण्यात त्याचा आधार वारंवार येतो. शौच हे पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत पहिले आहे, असे हे सांगतात, आणि ते खरेच आहे. आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, हे छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायातले वचनही हे पुढे करतात, आणि तेही खरे आहे. परंतु त्या वचनातील आहार म्हणजे काय, यावर आपल्या दोन थोर आचार्यांचे एकमत नाही, आणि या मतभेदात आमच्यासारख्या घरांच्या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. रामानुजाचार्यांनी आहार म्हणजे जेवणाचे अन्न असाच अर्थ धरला, आणि अन्नाला तीन प्रकारचे दोष लागतात असे सांगितले: पदार्थाच्या जातीमुळे लागणारा, तो ज्याच्याकडून आला त्याच्यामुळे लागणारा, आणि केस पडणे किंवा उष्टे होणे अशा निमित्ताने लागणारा. शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात निराळा मार्ग घेतला. इंद्रियांच्या वाटेने जे जे आत घेतले जाते, ते ते ज्ञान म्हणजे आहार, आणि राग, द्वेष व मोह यांचा संसर्ग नसणे ही त्याची शुद्धी, असा त्यांचा अभिप्राय आहे. रामानुजांचा अर्थ मी टाकून देत नाही. केस पडलेली आमटी मलाही नको असते. पण शंकराचार्यांची कसोटी लावली म्हणजे काय दिसते? तीनदा धुतलेली भाजी आणि खळखळून उकळलेले पाणी ज्या ताटात आहे, त्या ताटापुढे बसलेला माणूस प्रत्येक घासाबरोबर एकेक संशय गिळत असेल, तर त्याने आत घेतलेला आहार शुद्ध कसा म्हणावा?

आणि पतंजलींचेही पूर्ण म्हणणे ऐकले पाहिजे. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात शौचाचे फळ एका सूत्रात नव्हे, लागोपाठ दोन सूत्रांत सांगितले आहे. चाळिसाव्यात स्वतःच्या देहाविषयी वीट आणि इतरांशी असंसर्ग हे फळ येते. वैराग्याच्या वाटेवरल्या योग्याला ते उपयोगी असेल. त्याला लागूनच एकेचाळिसाव्यात चित्ताची शुद्धी, सौमनस्य म्हणजे मनाची प्रसन्नता, एकाग्रता, इंद्रियजय आणि आत्मदर्शनाची योग्यता ही फळे येतात. ज्या घरात शौच पाळले जाते पण सौमनस्य उगवत नाही, तेथे शौच चाळिसाव्या सूत्रावर अडून बसले आहे. वीट आला, असंसर्ग आला, आणि पुढची वाट खुंटली. शिवाय नियमांच्या आधी यम आहेत. जात, देश, काळ आणि प्रसंग यांची कोणतीही मुभा न ठेवता पाळावयाचे महाव्रत असे पतंजलींनी यमांना म्हटले आहे, नियमांना नाही; आणि यमांत पहिली अहिंसा. यांच्या थोरल्या बहिणीने, माझ्या वन्संनी, एका चतुर्थीला घरून उकडीचे मोदक करून आणले, आणि यांनी ‘नंतर घेतो’ म्हणून डबा फडताळात ठेवला. वन्संनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. पातेले घासून, तांदूळ धुऊन, पहाटे उठून ते मोदक वळणारे तेच हात होते. शौचासाठी अहिंसा मोडली गेली ती अशी, आणि शास्त्राच्या क्रमात हा सौदा फार मोठ्या तोट्याचा आहे.

शास्त्रकारांनी संकटकाळी मर्यादा सैल केली याचा दाखला म्हणून उषस्ति चाक्रायणाची कथा नेहमी देतात. ब्रह्मसूत्रांनीही प्राणसंकटात सर्व अन्नाला अनुमती देताना तिकडे बोट दाखवले आहे. कुरुदेशात पीक बुडाले होते आणि उषस्ति आपली पत्नी आटिकी हिच्यासह भटकत होता. हत्ती राखणाऱ्या एका माणसाला कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे कडधान्य, खाताना पाहून त्याने त्यातलेच मागितले, आणि खाल्ले. त्या माणसाने पाणी पुढे केले तेव्हा मात्र तो नको म्हणाला: कुल्माष न खाल्ले तर मी जगलो नसतो, पाणी मला हवे तेथे मिळेल. या कथेत लोक अनुमती पाहतात. मला त्यात एका निरोगी मनाची रेषा दिसते. कुठे वाकायचे आणि कुठे नाही, हे उषस्तीला ठाऊक होते, आणि ते एकदा ठरवल्यावर त्याने फेरतपासणी मांडली नाही. कथा तेथे संपतही नाही. उरलेले कुल्माष त्याने पत्नीला नेऊन दिले. तिला भिक्षा आधीच मिळाली होती, म्हणून तिने ते ठेवून दिले. सकाळी तो म्हणाला, थोडे अन्न मिळते तर राजाच्या यज्ञात जाऊन मला काही मिळवता आले असते. तिने ते कुल्माष पुढे केले, तो खाऊन निघाला, आणि यज्ञात ऋत्विजांना निरुत्तर करणारे ज्ञान त्याने सांगितले. आटिकीच्या त्या जपून ठेवण्यावर भाष्यकारांनी फारसा वेळ घालवलेला नाही. एक वेळचे शिळे, दुसऱ्याच्या पात्रातले ते अन्न तिने टाकून दिले असते तर पुढची उपासना घडली कुठून असती?

यावर असे म्हटले जाईल की जुने सोवळे निराळे आणि आजचे आरोग्यशास्त्र निराळे. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात दाखवून दिला, आणि तेव्हापासून अन्नपाण्याचे भय हे प्रमाणसिद्ध भय आहे. हे मला सर्वस्वी मान्य आहे. आपल्या पूर्वजांना जंतू ठाऊक होते म्हणून त्यांनी सोवळे घातले, असले समर्थन मी करणार नाही. पण आरोग्यशास्त्राचे एक लक्षण असे की ते पुरे झाले हे सांगते. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ती एक मिनिट टिकली म्हणजे रोगजंतू मरतात. पुढच्या दहा मिनिटांनी पाणी अधिक शुद्ध होत नाही, फक्त सरपण जळते. नानांच्या सोवळ्याला पुरे हा शब्द ठाऊक नव्हता आणि यांच्या भयालाही तो ठाऊक नाही. म्हणून जंतूंची परिभाषा बोलत असूनही हे भय त्या जुन्या सोवळ्याचेच भावंड आहे असे मी मानते. आणखी एक गोष्ट त्याहून टोचणारी. कारखान्यात कुणा अनोळखी हातांनी भरलेला बिस्किटांचा पुडा हे निःशंकपणे फोडतात. संशय येतो तो डोक्यावर भारा घेऊन दारात आलेल्या ठाकरणीच्या हातांचा. भय जात पाहत नाही असे हे म्हणतात. भयाच्या पायांना मात्र जुन्या वाटा पाठ असतात.

मृगाच्या सरी पडल्या की डोंगरातून ठाकर बाया शेवळे घेऊन येतात. कंदातून वर आलेले ते जांभळट, तपकिरी कोंब पळसाच्या पानात बांधलेले असतात. भाजी चवीला अपूर्व, पण तशीच शिजवली तर घसा काट्यांनी भरल्यासारखा होतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. यंदा आलेल्या बाईने जुडी माझ्या हातात दिली आणि कमरेच्या ओच्यातून हिरवी, आंबट काकडे काढून ओंजळभर वर ठेवली. “काकडं टाका बाई, नायतर घसा खाजंल. आन् ह्यो पिवळा भाग काढून टाका.” तिने एक कोंब उभा चिरून, बुडाकडचा दाणेदार पिवळा भाग नखाने खरवडून दाखवला. यांनी दारातूनच विचारले, “यावर पाणी कुठलं मारलंय?” ती म्हणाली, “झऱ्याचं पानी हाय, दादा,” आणि भारा उचलून पुढच्या घराकडे गेली.

अन्नाविषयीची खरी दक्षता मी त्या दिवशी इतक्या जवळून पाहिली. अपाय नेमका कुठे आहे हे त्या बाईला ठाऊक होते, त्यावरचा उतारा तिने न मागता, पदरचा दिला, आणि तेवढे सांगून ती थांबली. ज्याला ज्ञान आहे त्याला थांबता येते.

मग अशा माणसाबरोबर राहावे कसे? थट्टा करणे हा सोपा मार्ग आहे आणि तो क्रूर आहे. बुडणाऱ्याला पाणी उथळ असल्याचे हसत सांगितल्याने त्याचा पाय जमिनीला लागत नाही. दुसरा मार्ग शरणागतीचा: सारे घर त्या भयाच्या हुकमतीखाली देऊन टाकणे. नानांच्या घरात तेच झाले असावे, आणि त्याने भय शमत नाही, मिळालेल्या प्रत्येक गावावर ते नवी जहागीर मागते. तिसरा मार्ग मी काही काळ चोखाळला होता, तो म्हणजे न धुतलेले धुतले म्हणून सांगणे. तो मी सोडला, कारण सत्य हाही यमच आहे, आणि एक खोटे उघडकीला आले की ज्या संशयाला आजवर पुरावा नव्हता त्याला आयुष्यभराचा पुरावा मिळतो. आता आमच्यात एक तह आहे. पाणी उकळायचे, दूध तापवायचे, हात साबणाने धुवायचे, भाज्या दोन पाण्यांतून काढायच्या. यात मी तसूभर कसूर करीत नाही. यापलीकडच्या प्रश्नाला मी एकदा खरे उत्तर देते, दुसऱ्यांदा देत नाही, जवळ बसते. हा तह यांनीही डोके शांत असताना कबूल केलेला आहे, आणि तो मोडला जातो तेव्हा आम्ही तो पुन्हा करतो. मनाच्या वैद्याकडेही आम्ही जातो. मंत्रचळ हा विकार आहे, स्वभावदोष नाही, आणि त्यावर आज उपचार आहेत. नानांच्या काळी ते नव्हते.

माझी विनंती आहे ती गावोगाव निरूपण करणाऱ्या प्रवचनकारांना आणि कीर्तनकारांना. शौचाचे माहात्म्य सांगताना आपण चाळिसावे सूत्र सांगून थांबता, आणि समोर बसलेल्यांपैकी ज्यांच्या मनात आधीच भय आहे ते ते शास्त्राज्ञा म्हणून घरी घेऊन जातात. कृपा करून एकेचाळिसावे सूत्र त्याच बैठकीत सांगत जा.