खिशातले ओझे

वसुबारसेच्या संध्याकाळी माझ्या नातवाने टिकल्यांचे पिस्तूल विकत घेतले. दुकानदाराने त्याच्यापुढे चांगली चार-पाच मांडली होती. एक लांब नळीचे, एक चंदेरी मुलाम्याचे, एकाला तर कमरेला लटकवायचे म्यानही होते. चिरंजीवांनी सगळी हाताळून पाहिली आणि त्यांतले सर्वांत लहान होते ते उचलले. कारण विचारले तेव्हा म्हणाला, “आजोबा, हे खिशात मावतं. कुणाला दिसत नाही.”

मी पैसे दिले आणि काही बोललो नाही. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या शस्त्रविक्रेत्याच्या काचेच्या पेटीपुढे उभे राहून मीही नेमके हेच उत्तर दिले होते. फरक इतकाच, की मी निवडले त्यात टिकल्या भरायच्या नव्हत्या.

माझा धंदा मिरचीचा आणि आमचुराचा. हिवाळ्यात नंदुरबारच्या भोवतालच्या पथाऱ्या लाल होतात, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना मिरचीविषयी सांगायला नको. उन्हाळ्यात मात्र आम्हां व्यापाऱ्यांचे पाय सातपुड्याकडे वळतात. धडगावच्या बाजूला घरोघरी कैऱ्या चिरून वाळवतात आणि तो माल रोखीने घ्यावा लागतो. त्या काळी तर रोकड जवळ असल्यावाचून डोंगरात सौदा होतच नसे. तळोद्याहून चांदसैली घाट चढताना माझ्या मोटारसायकलवर कापडी पिशवीत कधी चाळीस, कधी पन्नास हजार रुपये असत.

2000 सालच्या आरंभी आमच्यातल्याच एकाला वाटेत लुटले. मारही बराच बसला. त्या रात्री सौभाग्यवतीने मला जेवायला वाढले, पण स्वतः पानावर बसली नाही. “उद्यापासून तुम्ही एकटे जायचं नाही,” एवढेच म्हणाली. एकटे न जाणे परवडण्यासारखे नव्हते. मी अर्ज केला. आमचा जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. 1 जुलै 1998 ला तो झाला. त्यामुळे परवान्यासाठी धुळ्याला खेटे घालावे लागले नाहीत, कलेक्टर कचेरी गावातच होती. पोलिसांची चौकशी झाली, माझी वर्तणूक चांगली ठरली आणि काही महिन्यांनी परवाना हाती पडला.

मग निवड. हा विषय वरून वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडे सामान्य नागरिकाला लष्करी मापाचे, म्हणजे नऊ मिलिमीटरचे हत्यार बाळगता येत नाही. त्याच्या वाट्याला साधारणतः बत्तीस बोअरचे येते. त्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर होते, आणि कुणी विकायला ठेवलेली जुनी विलायती पिस्तुलेही होती. विक्रेता वयस्क होता आणि शिक्षकासारखे समजावून सांगत होता. पिस्तूल चपटे, म्हणून अंगाला चिकटून बसते. पण गोळी अडकली तर दोन्ही हातांनी मागे ओढावे लागते. रिव्हॉल्व्हर फुगीर, पण एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढला की पुढचे समोर येते. नळी आखूड तितके लपवायला बरे. मात्र नेम तितकाच बिघडतो आणि हलक्या हत्याराचा धक्काही मनगटाला अधिक बसतो. जड हत्यार हातात स्थिर राहते. पण ते रोज बाळगायचा कंटाळा येतो आणि ऐन वेळी ते घरच्या कपाटात असते. शेवटी तो म्हणाला, “शेठ, चांगलं हत्यार कुठलं हे मला विचारू नका. तुम्हाला ते दाखवायचं आहे की लपवायचं, ते आधी ठरवा.” मी म्हणालो, “खिशात मावलं पाहिजे. कुणाला दिसता कामा नये.”

त्याच्या प्रश्नाचे खरे वजन मला पुढे कळले. हत्याराची कामे दोन. एक धाक घालण्याचे, दुसरे मारण्याचे. उघड्या हत्याराने पहिले काम साधले की दुसऱ्याची वेळ बहुधा येत नाही. लपवलेल्या हत्याराला पहिले काम करताच येत नाही; जे कुणाला दिसत नाही त्याला कोण भिणार? ते खिशात ठेवणारा माणूस हत्याराच्या दोन गुणांपैकी सौम्य गुण टाकून देतो आणि क्रूर गुण तेवढा जवळ ठेवतो. याला उत्तर आहे, आणि तेही खोटे नाही. चारचौघांत पिस्तूल मिरवणारा माणूस निरपराध लोकांनाही दडपून टाकतो, लपवणारा त्यांना त्या त्रासातून वाचवतो. मीही माझ्या मनाची समजूत अशीच घातली होती.

गावात माझे एक वृद्ध गुरुजी होते. 9 सप्टेंबर 1942 च्या मिरवणुकीत ते लहान मुलांच्या घोळक्यात होते. त्या दिवशी पोलिसांच्या गोळ्यांनी पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पडले. नंदुरबारच्या प्रत्येक मुलाला ही पाच नावे पाठ असतात. नवे हत्यार मी गुरुजींना दाखवायला नेले. ते रागावतील असे वाटले होते, पण रागावले नाहीत. इतिहास शिकवलेला माणूस. म्हणाले, “1878 च्या कायद्यानं इंग्रजांनी आपल्या हातातलं शस्त्र काढून घेतलं आणि गोऱ्यांना मात्र सूट ठेवली. तो अपमानच होता. 1931 साली कराचीच्या काँग्रेसनं मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला, तो त्यासाठीच.”

“मग पुढं घटनेत तो का नाही आला?” मी विचारले.

“कामतांनी 1948 साली घटनासमितीत तशी सूचना आणली होती. डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही. आता घटना तुला जमायचा हक्क देते, पण शांतपणे आणि विनाशस्त्र. आपलंच राज्य आल्यावर प्रश्न बदलला, बाबा. परक्याच्या राज्यात विचारायचं, आमच्या हाती शस्त्र का नाही? आपल्या राज्यात विचारायचं, शेजाऱ्याशी बोलताना ते माझ्या खिशात का आहे?”

मी शिवाजीमहाराजांचा दाखला काढला. कुठला मराठी माणूस काढणार नाही? 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज भेटीला गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि मुठीत वाघनखे घेऊन, असेच आपण पोवाड्यांतून ऐकत आलो. ते लपवलेले शस्त्रच नव्हते काय?

गुरुजी म्हणाले, “होतं. पण ते कुणासाठी होतं हे महाराजांना ठाऊक होतं. माणूस ठरलेला, दिवस ठरलेला, दगा होणार अशी चिन्हं दिसलेली. तुझ्या हत्याराला माणूसही ठरलेला नाही आणि दिवसही नाही. तू ते रोज नेणार. म्हणजे घाटात जो जो भेटेल तो तो तुझा अफझलखान होण्याचा उमेदवार.”

मला ते बोलणे शाब्दिक वाटले. नमस्कार करून मी उठलो.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्याचा शेवट. संध्याकाळ कलली होती आणि चांदसैली घाटातल्या एका वळणापुढे माझ्या गाडीची साखळी उतरली. मी खाली वाकून ती चढवीत होतो, तोच मागून पावलांचा आवाज आला. कुणीतरी पळत येत होते. वळून पाहिले तर दोन भिल्ल. एकाच्या खांद्यावर तीरकामठा, दुसऱ्याच्या हातात काहीतरी. मी हाक मारली नाही, कोण आहे म्हणून विचारलेही नाही. माझा हात खिशात गेला आणि बाहेर आला. विक्रेत्याने शिकवले होते तसेच झाले, सगळे अगदी बिनचूक.

ते दोघे जागच्या जागी थांबले. पुढच्याने हातातली वस्तू हळूच खाली, रस्त्यावर ठेवली. “शेठ, पिशवी. मागं वळणावर पडली,” तो म्हणाला. माझीच कापडी पिशवी होती. गाडीच्या मागे बांधलेली दोरी सुटल्याचे मला कळलेही नव्हते. आतली रक्कम जशीच्या तशी होती.

त्या प्रसंगात ज्याच्याजवळ शस्त्र सर्वांना दिसेल असे होते, त्याने त्याला हातही लावला नाही. खांद्यावरचा कामठा खांद्यावरच राहिला. शस्त्र काढले ते मी, ज्याच्याजवळ काही आहे असे कुणाला वाटलेही नसते. मी ओशाळून पुढे झालो, पाचशेची नोट काढली, तंबाखू पुढे केली. त्यांनी दोन्ही घेतले नाही. आले तसे उतरणीने निघून गेले, मात्र या वेळी पळत नव्हते, आणि दोन-तीनदा मागे वळून पाहत होते. पाठीला डोळे लावून चालणे म्हणजे काय, ते मी त्यांना शिकवले होते.

कायद्याने माझे काय झाले असते? जिवाला धोका असल्याची रास्त भीती असेल तर स्वसंरक्षणात प्राण घेण्यापर्यंत हक्क पोचतो. मात्र गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. दंडसंहितेत तेव्हा हे होते आणि 2024 पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेतही आहे. माझे बोट किंचित अधिक वळले असते, तर माझी भीती रास्त होती की नाही हे न्यायाधीशांनी ठरवले असते. पण ती भीती आली कुठून? तीन महिन्यांपूर्वी हीच माणसे याच वळणावर भेटली असती तर मी विचारले असते, “काय रे, काय झालं?” खिशात हत्यार नसलेल्या माणसाला आधी विचारावे लागते. त्याची अगतिकता हेच त्याचे शहाणपण असते. माझ्याजवळ दुसरा उपाय होता, म्हणून मी पहिला उपाय केलाच नाही.

आपण एकमेकांना नमस्कार करतो, तेव्हा दोन्ही तळवे जोडून दाखवतो. हात रिकामे आहेत असेच त्यातून सांगायचे असते, असे मला वाटते. 30 जानेवारी 1948 ला दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींपुढे एक मराठी माणूस वाकून, हात जोडून उभा राहिला आणि त्या जोडलेल्या हातांत एक छोटे इटालियन पिस्तूल होते. त्या घातकी कृत्याशी व्यापाऱ्याच्या भीतीची तुलना मी करीत नाही. पण खिशात भरलेले हत्यार ठेवून मी बाजारात रामराम करीत होतो, तेव्हा माझाही नमस्कार पुरता खरा नव्हता, एवढे मात्र मला कबूल केले पाहिजे.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे सर्वांची हत्यारे ठाण्यात जमा झाली. निवडणूक संपली, लोकांनी आपापली परत आणली. मी आणायला गेलो नाही. रीतसर अर्ज करून परवाना परत केला. गुरुजींना सांगितले, तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. “आता एकटा जाऊ नकोस,” एवढेच म्हणाले. सौभाग्यवतीही तेच म्हणाली होती. तेव्हापासून आम्ही तिघे व्यापारी मिळून एका जीपने जाऊ लागलो. नफा थोडा कमी झाला.

इथे थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण ती खरी होणार नाही. त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या तिघांपैकी एक जण निकडीमुळे एकटाच गेला आणि लुटला गेला. त्याचा डावा हात कायमचा अधू झाला. दवाखान्यात तो मला म्हणाला, “भाऊ, तुझं ते असतं आणि मी मागून नेलं असतं तर?” दुसऱ्याचे हत्यार वापरणे हाच गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितले नाही. त्याचा प्रश्न कायद्याचा नव्हता. मी गप्प बसलो, आणि आजही त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नाही. ज्या बाईला रोज रात्री एकटीने परतावे लागते, ज्याच्या जिवावर कुणी खरोखरच टपले आहे, त्यांना माझ्या घाटातला अनुभव सांगून उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. 2014 साली कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून अर्ध्या किलोचे ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. निर्भय होण्याला एवढा खर्च यावा, याची लाज विकत घेणारीने बाळगायची की आपण सर्वांनी, एवढेच मी विचारीन.

मला स्वतःपुरते एक कळले. हत्यार निवडताना आपण त्याचे वजन, लांबी, किंमत पाहतो. ते खिशात असताना आपण कोण होणार, हे काचेच्या पेटीत मांडलेले नसते.

हे लिहीत असता अंगणात टिकल्या फुटताहेत. नातू पणत्यांच्या ओळीमागे दबा धरून बसला आहे आणि फराळाचे ताट घेऊन येणाऱ्या शेजारच्या काकूंवर त्याने नेम धरला आहे. काकू ताट सांभाळीत म्हणताहेत, “अरे, मला आधी विचार तरी, काय आणलंय ते!”