जोड लावणारी नजर

कुस्तीच्या फडात जोड लावणारा वस्ताद पैलवानाला वजनकाट्यावर उभा करत नाही. पोरगा लंगोट लावून समोर आला की तो मान बघतो, मांडी बघतो, कान फुटलेत का ते बघतो, चालताना पाऊल कसं पडतं ते बघतो आणि घोळक्यातल्या दुसऱ्या एकाला हाक मारून पुढे बोलावतो. बहुतेक वेळा जोड बरोबरीची निघते. या नजरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती ज्या मातीत तयार झाली त्या मातीचा कायदा ती जाईल तिथे सोबत नेते. लहान चणीच्या खेळाडूचं मोल कसं करायचं, या प्रश्नाचं उत्तर गेल्या शंभरेक वर्षांत अनेकदा बदललं. मागे वळून पाहिलं तर निवडणाऱ्यांना एकाएकी शहाणपण सुचलं म्हणून ते बदललं असं फारसं दिसत नाही. आधी खेळाचा नियम बदलला, मग नजर बदलली.

खाशाबा जाधवांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी या बाजूनं ते पुन्हा पाहायला हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत असताना तिथल्या क्रीडाशिक्षकांनी त्याची अंगकाठी बघून त्याला वार्षिक स्पर्धेत घ्यायला नकार दिला होता, असं सांगितलं जातं. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि आपल्याहून थोराड गडी आडवे केले. १९४८ साली लंडनला ते फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावच्या फडात शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती भारी गड्यांचीच असते आणि महाराष्ट्र केसरीची गदा आजही ८६ ते १२५ किलोच्या गटातच दिली जाते. खाशाबांचा चपळपणा, त्यांचे डाव, त्यांचा दम कोल्हापुरातही तेवढाच होता. ऑलिंपिकच्या मॅटवर वजनगट होते, म्हणून तो जगाला मोजता आला.

उज्जैनमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न रोज डोळ्यांसमोर दिसतो, कारण हे मल्लखांबाचं गाव आहे. शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला जाण्याआधी इथे होती आणि मराठी व्यायामशाळांची रीत माळव्यात चांगली रुजली. मल्लखांबाला नवं रूप दिलं ते पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी. तेव्हा तो कुस्तीचा जोडीदार होता. खांबाशी झटून पकड घट्ट व्हावी, मांड्या भराव्यात, अंग मोडावं, हा हेतू. म्हणजे खांबावर चढणारा आधी पैलवान होता आणि त्याचं माप पैलवानाचंच होतं.

पुढे खेळ कुस्तीपासून सुटा होत गेला. १९६२ मध्ये ग्वाल्हेरच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब होता. नंतर तो तिथून वगळला गेला. मग बमशंकर जोशींच्या पुढाकारानं १९८१ च्या जानेवारीत उज्जैनमध्ये अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा भरली आणि खेळाला स्वतःची संघटना, स्वतःची नियमावली मिळाली. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे आणि त्याच्याकडे आपण संघटनेच्या इतिहासातली एक नोंद म्हणूनच पाहतो. ज्या दिवशी अवघडपणाला किती गुण, सफाईला किती, हे कागदावर आलं, त्या दिवशी खांबावरच्या आदर्श शरीराचं चित्रही बदललं. ते कुणी ठरवून बदललं नाही.

कोणत्याही सकाळी सरावाला जाऊन पाहावं. एरंडेल तेलानं काळाभोर झालेला लाकडी खांब, खाली जाड, वर निमुळता, मानेपाशी अगदी बारीक आणि टोकाला बोंड. आठ-नऊ वर्षांचं पोर धावत येऊन उडी घेतं, अढी घालतं, दोन हिसक्यांत वर जातं आणि मानेला एका बगलेत धरून अख्खं अंग आडवं ताणतं. पायाचे अंगठेसुद्धा ताठ. त्याच्या मागून त्याच्याहून हातभर उंच मुलगा तीच कसरत करतो तेव्हा त्याच्या पोटऱ्या थरथरताना दिसतात. यात आळस नाही की भीती नाही. अंग जितकं लांब तितका खांबापासून दूरचा भार जास्त. शिवाय शरीर सगळ्या बाजूंनी वाढलं की वजन स्नायूंच्या ताकदीपेक्षा वेगानं वाढतं. ठेंगण्या पोराला ही सूट निसर्गानं दिली आहे, आणि १९८१ नंतरच्या नियमांनी तिला गुण दिले.

या मेहनतीचं चीजही झालं. मध्य प्रदेश सरकारनं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धांमधला मल्लखांब इथेच झाला. पण एक गोष्ट मला खुपते. पूर्वी ज्या पटकन नजरेनं किरकोळ पोराला फडाबाहेर काढलं जायचं, त्याच नजरेनं आता उंच पोराला सांगितलं जातं की तू बास्केटबॉल बघ. पालकही मान डोलावतात. मनोऱ्यात सगळा भार तोलायला खालचा गडी रुंद आणि लांब हाताचाच लागतो, दोरीच्या मल्लखांबावर लांब अंगाची रेषा देखणी दिसते, हे त्या घाईत कुणी बोलत नाही. काल लहान असणं हा दोष होता, आज मोठं असणं. पद्धत तीच राहिली.

बचावाच्या खेळात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथे समोरच्याला थांबवायचं असतं आणि थांबवायला वजन लागतं, असं सगळ्यांना आपोआप वाटतं. कबड्डी मुळात या समजुतीला लगाम घालणारा खेळ आहे. प्रो कबड्डीत ८५ किलोच्या वर खेळाडू चालत नाही. किशोर गटात वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. जगातल्या फार थोड्या सांघिक खेळांनी मोठेपणाला असं छप्पर घातलं आहे, आणि मला ते आपल्या मातीतल्या खेळाचं मोठं शहाणपण वाटतं. त्या छपराखालीही जागेजागेचं माप वेगळं. मध्यरक्षकाला धडक देऊन चढाईपटूला बाहेर ढकलायचं असतं, तिथे छाती-खांदे हवेत. कोपरारक्षकाचं काम घोट्याशी. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो त्या क्षणी खाली झेपावून पट काढायचा. जो मुळातच जमिनीला जवळ आहे त्याला झेपावायला अंतर कमी. तरीही गावोगावच्या निवड चाचणीत आधी सगळ्या मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करतात आणि कोपऱ्यावरचा गडीसुद्धा रांगेच्या उंच टोकाकडून शोधतात.

या प्रश्नाचा सगळ्यात मोठा पसारा मात्र आपल्यापासून फार दूर आहे, उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत. तिथल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमधले ३२ संघ दर उन्हाळ्यात अठरा वर्षांच्या आसपासची मुलं पाळीपाळीनं निवडतात. सात फेऱ्या, २२४ नावं. बचावपटू कसा हवा याबद्दल कित्येक दशकं शंकाच नव्हती: सहा फुटांच्या वर, लांब काठीचा, गोलसमोरून माणूस हुसकून लावणारा. धरणं, अडवणं, लोंबकळणं याकडे पंच काणाडोळा करायचे आणि दोन रेषा ओलांडणारा लांब पास बेकायदा होता. अशा खेळात भारी माणूस खरोखरच उपयोगी होता. निवडणारे मूर्ख नव्हते.

२००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडू वादात वाया गेला. खेळ परत सुरू झाला तेव्हा लांब पासला मोकळीक मिळाली होती आणि अडवाअडवीला सरसकट शिक्षा होऊ लागली होती. बचावपटूचं पहिलं काम माणूस पाडण्याचं राहिलं नाही. चकती ताब्यात घेऊन झटकन पुढे काढून देणं हे झालं. त्यासाठी पाय, नजर आणि मनगट लागतं. ५ फूट ९ इंचांच्या जॅरेड स्पर्जनला २००८ मध्ये १५६ व्या क्रमांकावर निवडलं गेलं, निवडणाऱ्या संघानं करारही केला नाही, आणि पुढे दुसऱ्या संघात तो कर्णधार झाला. दहा वर्षांनी, २०१८ मध्ये, ५ फूट १० इंचांचा क्विन ह्यूज सातव्या क्रमांकावर गेला आणि २०२४ मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यानं घेतला.

इथे एक नाव माझ्या मांडणीच्या आड येतं आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. ब्रायन राफाल्स्की हा साधारण एवढ्याच उंचीचा बचावपटू. त्याला कुणीच निवडलं नाही. तो युरोपात खेळत राहिला, १९९९ मध्ये लीगमध्ये आला आणि २००० व २००३ मध्ये, म्हणजे जुन्या, धरपकडीच्या नियमांतच, विजेत्या संघाचा कणा ठरला. म्हणजे नियम बदलल्यानं लहान बचावपटूंच्या अंगी गुण आले असं नाही. गुण आधीही होते. नियम बदलल्यावर ते इतके ढळढळीत दिसू लागले की न पाहणं अशक्य झालं. राफाल्स्कीसारखे आणखी किती जण परक्या लीगमध्ये किंवा घरीच राहून गेले, हे मोजायला साधन नाही. दुसऱ्या बाजूनं हेही खरं की यशस्वी झालेल्यांचीच नावं आपल्या तोंडी राहतात. लहान चणीचे जे बचावपटू टिकले नाहीत त्यांची यादी याहून लांब असणार. लहान खेळाडूला एखादी गोष्ट असामान्य यावी लागते, मोठ्याला ठीकठाक आलेलं चालून जातं, हा हिशेब अजून संपलेला नाही.

त्यात वयाचा घोळ आहे. रॉजर बार्न्स्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की कॅनडाच्या वरच्या दर्जाच्या हॉकीत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं फार जास्त आहेत. वयोगटाची तारीख जानेवारीची, त्यामुळे त्याच गटात डिसेंबरचं पोर जवळजवळ वर्षानं लहान. बाराव्या वर्षी ज्याला आपण थोराड म्हणतो, तो पुष्कळदा नुसता आधी जन्मलेला किंवा आधी वयात आलेला असतो. आपल्या चाचण्यांच्या अर्जावर जन्मतारीख असते. ती मूल गटात बसतं की नाही एवढं पाहायला वापरतात आणि मग घडी घालून ठेवतात. तोच रकाना निवड करताना पुन्हा वाचला, शेजारी आईवडिलांची उंची लिहिली, तर पैशाचाही खर्च नाही.

लेन हटसनची गोष्ट मला यात सगळ्यात जास्त बोलकी वाटते. २०२२ च्या निवडीआधी हा बचावपटू संघांच्या मुलाखतींना गेला तेव्हा संप्रेरकतज्ज्ञाचं पत्र घेऊन गेला होता: याच्या हाडांचं वय मागे आहे, हा अजून वाढेल. मुलाचं स्केटिंग, त्याचे चकवे, त्याचे पास सगळ्यांनी पाहिले होते; पुरावा मात्र त्याला इंचांचा द्यावा लागला. तरी माँट्रियलनं त्याला ६२ व्या क्रमांकावर घेईपर्यंत इतरांनी दोन दोनदा त्याला ओलांडलं. २०२४-२५ च्या पहिल्याच पूर्ण हंगामात त्यानं ६६ गुण मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताचा कॅल्डर करंडक घेतला. दरम्यान २०२४ आणि २०२५ चं विजेतेपद फ्लोरिडाच्या दणकट, अंगावर येणाऱ्या संघानं जिंकलं. असा संघ लागोपाठ जिंकला की निवडणारे पुन्हा सहा फुटांच्या वर बघू लागतात.